रॉकेट आबांचं बारावं गाणं

देवगडच्या रस्त्यावर एका वळणाला पिंपळ आहे. त्याच्यावर जी हडळ राहते, ती मी बसवलेली आहे.

खोटं नाही सांगत, मंडळी. माझा मालवणात साऊंड आणि मंडपाचा धंदा. मुंबईहून आलेल्या मावसभावाची जिरवायची म्हणून मी एकदा त्या पिंपळात छोटा स्पीकर बांधला आणि त्यातून पैंजण वाजवले. भाऊ चप्पल टाकून पळाला. स्पीकर मी दुसऱ्या दिवशी काढून आणला... हडळ मात्र तिथेच राहिली. परवा एका रिक्षावाल्याने मलाच तिची गोष्ट ऐकवली. तिला आता एक मूलही झालंय म्हणे!

तर, ज्याने स्वतः भुतं पुरवली, त्याचा भुतांवर विश्वास कसा बसणार? भुताखेतांच्या या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, पण मनात एकच प्रश्न असतो — स्पीकर कुठे लपवला असेल? नेमका हाच प्रश्न एके दिवशी मला विचारला गेला. 

आधी आमच्या रॉकेट आबांची ओळख करून देतो. वय सत्तरीच्या पुढे, अंगकाठी सुक्या बोंबलाची, केस मात्र अजून कपाळावर फुगा काढून मागे वळवलेले. तरुणपणी ते मालवाहू बोटीवर भांडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. बंदराबंदरात फिरताना कुणाकडून तरी गिटार शिकले आणि रॉक अँड रोल घेऊन गावाला परत आले. बाकीचे खलाशी रेडिओ आणायचे, परफ्यूम आणायचे... आबांनी हे आणलं. मग त्यांनी त्या तालावर मालवणीत गाणी रचली. ‘बांगड्याचो ट्विस्ट’, ‘कंडक्टर, डबल बेल!’, ‘मुंबयची टिकेट फाटली’. जत्रेत दशावतार सुरू व्हायच्या आधी आबांचा अर्धा तास ठरलेला. अशाच एका अर्ध्या तासात उडी मारताना ते दशावतारवाल्यांच्या पेटीवर पडले, तेव्हापासून ‘रॉकेट’. पेटी फुटली, नाव टिकलं.

अशा माणसाचा एकही अल्बम कधी निघाला नव्हता. गेल्या वर्षी मी ठरवलं की थेट ‘रॉकेट आबाचे सुपरहिट्स’च काढायचे. ज्याचा पहिला अल्बम नाही, त्याचा निवडक अल्बम! बस्त्याव म्हणाला, “रे, लग्नाआधी बारसा करतंस काय?” बस्त्याव म्हणजे आमचा ड्रमर. चर्चमध्ये वाजवतो, गणपतीत वाजवतो, मध्ये वेळ मिळाला तर घरच्या टेबलावर वाजवतो.

घाई करायला कारण होतं. आबांच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन साधं आहे, घाबरायचं काही नाही. आवाज राहील, पण हाच राहील याची खात्री देता येत नाही. हे ऐकून आबा जोरात हसले, आणि बाहेर येऊन बराच वेळ रिक्षात बसेनात.

अकरा गाणी जुन्या कॅसेटींवर सापडली. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या पोटमाळ्यावर. एकीवर मध्येच कुणाची तरी मंगलाष्टकं चढवलेली, दुसरीवर एक पोर तेराचा पाढा चुकत चुकत म्हणतंय — तो पाढा मी ठेवलाय, तालात बसतो. पण बारावं गाणं कुठेच नव्हतं. आणि बारावं म्हणजे आबांचं सगळ्यात गाजलेलं, ‘गाऱ्हाण्याचो रॉक’.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्याने देवाकडे मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव एका आवाजात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” तो होकार आल्याशिवाय मागणं पुढे सरकत नाही. आबांनी याचंच गाणं केलं होतं. एक ओळ त्यांची, उत्तर गावाचं. जगातल्या कुठल्याही रॉक गायकाला असा तयार कोरस मिळाला नसेल!

मग ते कॅसेटवर का नाही? कारण ते एकदाच गायलं गेलं, आणि तेही अर्धं.

गावाचं नाव देत नाही. मिठबावच्या अलीकडचं, खाडीच्या बाजूचं समजा. तीसेक वर्षांपूर्वीची जत्रा. मी विशीतला, वडिलांच्या अँप्लिफायरवर बसलेला, त्यामुळे सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं. दिवेलागण झाली होती, मागे जनरेटर धडधडत होता. पुढच्या खुर्चीत गावचे मानकरी भाऊ बसलेले. हे भाऊ म्हणजे आबांचे सख्खे सासरे. देवळातलं खरं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गाऱ्हाण्याआधी दोनदा खाकरायची त्यांची सवय सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. ते खाकरले की पोरंसुद्धा हात जोडायची.

आबांनी सुरुवात केली, आधी जाळ्यात मासळी मिळू दे म्हणून —

“बा देवा म्हाराजा... रापणीक बांगडो गावांदे!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजला.

“चाकरमान्याक रजा गावांदे!”

“व्हय म्हाराजा!” आता बायकासुद्धा.

आणि मग आबांनी एक पाय वर करून, बोट थेट पुढच्या खुर्चीकडे करून तिसरी ओळ सोडली —

“सासऱ्याच्या गुडग्यात... रॉक एन् रोल येवंदे!”

भाऊंनी हात वर केला. बस. एवढंच. गावाच्या तोंडात आलेला ‘व्हय’ तिथेच अडकला. जनरेटर तेवढा वाजत राहिला. आबा वाट बघत उभे, पाय अजून वरच. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग त्यांनी पाय खाली ठेवला, गिटारची वायर काढली आणि मंचाच्या मागच्या बाजूने उतरून गेले.

भाऊ सांगत राहिले की देवाच्या गाऱ्हाण्याची थट्टा चालणार नाही. गाव म्हणत राहिला की खरं दुखणं गुडघ्याचं होतं. काही असो, आबा परत कधी जत्रेत गायले नाहीत. जत्रेला जायचे, पण गाऱ्हाण्याच्या वेळी देवळामागे विडी ओढत उभे राहायचे. आमच्याकडे उत्तर न मिळालेलं गाऱ्हाणं फार वाईट. गावाने तुम्हाला नाही म्हटल्यासारखंच ते.

गंमत बघा... उतारवयात भाऊ लेकीकडे, म्हणजे आबांच्याच घरी राहायला आले. एकाच पडवीत दोघे, पण शब्द नाही. सगळा कारभार काकींमार्फत, म्हणजे आबांच्या बायकोमार्फत.

“गो, तुझ्या घोवाक सांग, पाणी तापला.”

“गो, तुझ्या बापाशीक सांग, माका कान आसत.”

काकी मध्ये बसून तांदूळ निवडायच्या आणि निरोप द्यायच्याच नाहीत. “दोघांनीय आयकल्यात मां? मग झाला!” भाऊ गेले तेही असेच, न बोलता. आबांनी खांदा दिला. 

आता मुद्द्यावर येतो. दिवाळी नुकतीच झाली होती. रेकॉर्डिंगसाठी मी आंब्याची पॅकिंग शेड मिळवली. हंगाम नसल्याने शेड रिकामी, भिंतींना लाकडी पेट्यांच्या थप्प्या, खाली जाड पेंढा. आवाज घुमत नाही, मुंबईच्या स्टुडिओला लाजवेल अशी. सकाळची वेळ. आत आम्ही चौघं — आबा, बस्त्याव, लॅपटॉपपुढे मी, आणि दाराशी काकी. काकींनी चहाचा थर्मास आणि खटखटे लाडू आणले होते. पहिला टेक बस्त्यावने लाडू फोडल्यामुळे गेला. तो लाडू ड्रमपेक्षा स्पष्ट रेकॉर्ड झाला होता.

मी आबांना योजना सांगितली. “तुम्ही तुमच्या ओळी म्हणा, उत्तराची जागा रिकामी सोडा. आम्ही तिघे नंतर ‘व्हय म्हाराजा’ म्हणू, मी त्याचे कॉम्प्युटरवर शंभर जण करतो.”

आबांनी हेडफोन काढून ठेवला. “ह्या जमाचा नाय रे, बाळग्या. गाऱ्हाण्याक होकार गाव देता. तुझो लॅपटॉप म्हणजे गाव काय?”

“आबा, अकरावर अल्बम थांबवू काय? लोक विचारतील ना, गाऱ्हाणं खंय आसा?”

“सांग, देवाक पोचला नाय.”

मी हात टेकले. तेवढ्यात दारातून काकींचा आवाज आला. मान वर न करता, लाडवांचा डबा बंद करत.

“म्हणा ओ. माझ्या बापाशीक भियान इतकी वर्सां गप ऱ्हवलात. बापूस गेलो. आता कोणाक भियातास?”

“त्येका नाय गो भियत मी.” आबांनी गिटारच्या तारेवर नुसतं बोट ठेवलं. “गप ऱ्हवलेल्या गावाक भियतंय. परत तशीच जागा रिकामी सोडूची, आणि परत थंयसून कायच येवचा नाय...”

 मग काकी म्हणाल्या, “आवाज आसा तवसर म्हणा. मागीर म्हणाचा वाटला नि गळो नाय म्हणालो, तर?”

आबांनी हेडफोन चढवला.

मी सगळ्यांना बजावलं — रिकाम्या जागेत श्वाससुद्धा हळू घ्या. आणि लाल दिवा लागला. मंडळी, ते गाणं काय सांगू तुम्हाला! गाठ गळ्यात होती की नाही कोण जाणे, आबा तिशीचे झाले होते. पहिली ओळ, मग रिकामी जागा. दुसरी ओळ, रिकामी जागा. मग तिसरी —

“सासऱ्याच्या गुडग्यात... रॉक एन् रोल येवंदे!”

आणि आबा थांबले. ठरलेल्या चार मात्रा गेल्या. आबा थांबलेलेच, नजर वर वाशांकडे. बस्त्याव काठ्या हवेत धरून माझ्याकडे बघतोय, डोळ्यांनी शिव्या घालतोय. मी टेक बंद करणार इतक्यात आबांचा चेहरा असा उघडला... चतुर्थीला चाकरमान्याच्या बंद घराची खिडकी उघडते ना, तसा. ते मोठ्याने हसले, मान डोलावली आणि पुढची ओळ अशी उचलली की बस्त्यावला त्यांच्यामागे धावावं लागलं. त्यानंतरच्या प्रत्येक जागेत ते नाचत होते. रिकाम्या, शांत जागेत!

गाणं संपलं. आबांचे डोळे भरलेले, तोंडभर हसू.

“शाबास, बाळग्या! स्पीकर खंय लपयलंस?”

“कसलो स्पीकर?”

“सोंगां करू नको! खयच्या पेटयेत आसा? एवढो गाव उबो केलंस, आणि तो आवाज... तो आवाज खंयसून काढलंस रे तू?”

आता बघा माझी अवस्था. पिंपळावरच्या हडळीचा निर्माता मी! माझी शपथ कोण खरी धरणार? बस्त्यावने पेट्या सरकवायला सुरुवात केली, काकींनी पेंढा उचकला, आबा माझा खिसा तपासायला लागले. काहीच सापडलं नाही. सापडणार काय? आम्हा तिघांना तर काही ऐकूच आलं नव्हतं.

“आबा, तुम्हाला भास झाला,” मी म्हणालो. “थांबा, लावून दाखवतो.” आणि मोठ्या स्पीकरवर टेक लावला.

पहिली जागा. शांत. बाहेर एक कावळा.

दुसरी जागा. शांत. काकींच्या बांगडीचा बारीकसा आवाज.

तिसरी.

“ख्रं... ख्रं...” कुणीतरी दोनदा खाकरलं.

आणि मग एक म्हातारा, जाड, नाकातला आवाज, एकटाच, सावकाश —

“व्हय म्हाराजा!”

आणि त्याच्या मागोमाग गाव. शेकडो गळे, बाया, पुरुष, पोरं, कुणाची तरी शिट्टी. “व्हय म्हाराजा!” बरोबर त्या जास्तीच्या मात्रांत बसलेलं. आबा ज्यासाठी थांबले होते, ते. पुढच्या प्रत्येक ओळीला परत तेच, शेवटपर्यंत. आणि त्या सगळ्याच्या मागे, बारीक पण स्पष्ट... जनरेटरची धडधड.

बस्त्यावने छातीवर क्रूस काढला. माझे हात कीबोर्डवर होते, पण बोटं माझी नव्हती असं वाटत होतं. आबा पेंढ्यात बसले होते. मी काकींकडे बघितलं. काकी उभ्या राहिल्या होत्या, एक हात स्पीकरच्या जाळीवर, कुणाच्या पाठीवर ठेवावा तसा.

“भाऊ...” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि आपल्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “गुडगे बरे झाल्ले दिसतत.”

आम्ही चौघं असे हसलो, असे हसलो की शेडचा मालक धावत आला. त्याला काय सांगणार? लाडू दिला.

त्या दिवशी तो टेक आम्ही वीज जाईपर्यंत ऐकला. शेवटी आबा उठले, गिटार पिशवीत घातली आणि म्हणाले, “जत्रेक कितके दीस ऱ्हवले रे?”

जत्रा पंधरवड्यावर होती. नवे मानकरी म्हणजे भाऊंचा पुतण्या गजानन. आबा स्वतः त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभे राहिले. मी सोबत होतो.

“गजा, माझा एक गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला हा.”

गजाननला सगळं ठाऊक होतं, कारण गावात कुणाला ठाऊक नव्हतं! त्याने थोडा वेळ मान खाजवली. “आबा, माजी हरकत नाय. पण गावान उत्तर दिल्यान नाय तर माका बोलू नको. गावाचा मी सांगाक शकत नाय.”

तेवढंच पुरे होतं, आणि तेवढ्यानेच आबांची झोप उडाली. शेडमध्ये जे आलं ते आलं, पण जिवंत गाव ही वेगळी गोष्ट. तिकडे बसलेले निम्मे लोक त्या वेळी जन्मलेसुद्धा नव्हते. त्यांना काय पडलंय या केसांचा फुगा काढलेल्या म्हाताऱ्याचं?

जत्रेच्या संध्याकाळी मी मंचाच्या बाजूला मिक्सरवर होतो. शेडमधलं रेकॉर्डिंग मी मुद्दाम घरी ठेवून आलो होतो. उद्या कुणी म्हणायला नको, बाळग्याने वाजवलं. दशावतारवाल्यांनी त्यांची पेटी आधीच लांब नेऊन ठेवली होती... आठवण पक्की असते अशा लोकांची.

आबा लाल शर्ट घालून चढले. पोरांनी शिट्ट्या मारल्या, थोड्या थट्टेच्या. पहिली ओळ — “व्हय म्हाराजा!” बरा होकार आला. दुसरी — अजून मोठा. रजेचं नाव काढलं की चाकरमानी ओरडणारच.

मग आबांनी पाय वर केला. म्हातारा पाय, थरथरला, पण वर गेला. बोट त्या जागेकडे, जिथे भाऊंची खुर्ची असायची. तिथे आता फक्त एक रिकामी जागा होती.

“सासऱ्याच्या गुडग्यात... रॉक एन् रोल येवंदे!”

जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्या डोळ्यांत तो वर झालेला हात अजून होता. नवी पोरं जुन्यांकडे बघायला लागली. शांतता. मी बघत होतो, आबांचा पाय थरथरतोय आणि ते तो खाली ठेवत नाहीत. 

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला —

“ख्रं... ख्रं...”

काकी! उभ्या राहून, पदर खोचून, अगदी बापासारख्या दोनदा खाकरलेल्या! आणि मग पोटातून —

“व्हय म्हाराजा!”

काय सांगू तुम्हाला... गाव फुटला हो! जुनी माणसं तर अशी ओरडली जणू तीस वर्षं तोंडात गुळणी धरून बसली होती. “व्हय म्हाराजा!” पोरं खुर्च्यांवर चढली. गजानन मानकरी दोन्ही हात वर करून नाचत होता. बस्त्यावने एक काठी मोडली आणि दुसऱ्या काठीवर गाणं निभावलं. आबांनी ते गाणं तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणणार होते, पण दशावतारातला राजा मुकुट हातात घेऊन विंगेत येऊन म्हणाला, “आबानू, आमका पण पोटापाण्याचा आसा!” आबांनी त्यालाच मंचावर ओढला आणि नाचवला.

आबांचं ऑपरेशन झालं. आवाज राहिला, पण तो नाही. आता थोडा खरखरीत निघतो. आबा म्हणतात, “रॉक संपलो, आता दुसरो माल काढतंय.” देवळामागे उभं राहणं मात्र बंद झालं. गाऱ्हाण्याला सगळ्यात पुढे असतात आणि गजाननचं मागणं पुरं व्हायच्या आधीच ‘व्हय’ म्हणून शिव्या खातात.

अल्बम निघाला. बारावं गाणं शेडमधलंच आहे, एक आवाज न बदलता. गोव्यातल्या एका जाणत्या साऊंडवाल्याला मी मूळ फाईल ऐकवली. तो म्हणाला, गाणं बंद जागेतलं आहे, कोरस उघड्यावरचा आहे आणि दोन्ही एकाच माइकवर एकाच वेळी आलेत, हे होऊ शकत नाही. मलाही माहीत आहे, होऊ शकत नाही. कुणी सुचवलं, जुन्या जत्रेचं रेकॉर्डिंग मिसळलं असेल. अहो, पण त्या संध्याकाळी गावाने उत्तर दिलंच नव्हतं! जे झालंच नाही, त्याचं रेकॉर्डिंग येणार कुठून? मी बरीच डोकेफोड केली, लोकांना फसवायच्या माझ्या सगळ्या युक्त्या उलट्या करून पाहिल्या. ही कशी केली असती, ते मला आजही सांगता येत नाही.

अल्बमच्या मागे नावं छापताना काकींनी एक ओळ घालायला लावली. गिटार आणि गायन, आबा. ड्रम, बस्त्याव. कोरस, समस्त गावकरी. आणि खाली वेगळं — ‘पहिला व्हय: कै. भाऊ मानकरी.’

ऐकाल तेव्हा तिसऱ्या ओळीच्या आधी आवाज थोडा वाढवा. आणि तोंडातून आपसूक “व्हय म्हाराजा” निघालं तर बिनधास्त निघू द्या, शेजारी काय म्हणतील बघू नका. आत दाबून ठेवलं तर ते कधी, कुठल्या आंब्याच्या शेडमध्ये बाहेर येईल, याचा नेम नाही.